रस्ता कोणाचा आणि पाणी कोणाच्या दारी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाऊस सर्वांवर सारखा पडतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. आकाशातून उतरताना तो सारखा असतो, हे खरे. परंतु जमिनीला टेकल्यानंतर तो समतावादी राहत नाही. टेकडीवरील सोसायटीच्या गच्चीवर आणि मोटारींसाठी फरसबंद केलेल्या अंगणात पडलेले पाणी काही मिनिटांत तिची हद्द सोडते आणि उताराच्या टोकाशी असलेल्या चाळीच्या तळमजल्यात, वस्तीच्या बोळात, बाजारपेठेच्या खोलगट चौकात जाऊन उभे राहते. पाणी उताराने जाते, हा निसर्गाचा नियम झाला. परंतु शहरातील उतार निसर्गाने घडवलेला नसतो. तो रस्ता बांधणारे खाते, त्याचा कंत्राटदार आणि त्याला मंजुरी देणारे अंदाजपत्रक यांनी घडवलेला असतो. म्हणूनच पावसाच्या पाण्याचा निचरा हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. शहरातील सार्वजनिक जमीन कोणासाठी वापरायची आणि संकट कोणाच्या दारी लोटायचे, याचा तो निर्णय आहे. आणि असा निर्णय राजकीयच असतो.

शहरात सर्वांच्या मालकीची जी जमीन उरली आहे, तिच्यातील फार मोठा वाटा रस्त्यांचा आहे. मैदाने गिळली गेली, तलाव बुजवले गेले, गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. रस्ता मात्र अजून विकता आलेला नाही. या शेवटच्या सामाईक जमिनीची रचना कशी असावी, तिच्यावर पडणाऱ्या पाण्याचे काय व्हावे, याचा विचार समाजवादी चळवळीने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

प्रथम जुन्या व्यवस्थेचे गणित पाहू या. मुंबईचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेल्या होत्या, आणि तोही समुद्राला ओहोटी असताना. त्यातही असे मानले होते की, पडणाऱ्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल आणि निम्मेच वाहिनीत येईल. हे गृहीतक त्या काळी चुकीचे नव्हते. वाड्यांना अंगणे होती, उपनगरांत भातखाचरे होती, रस्त्याच्या कडेला मातीची पट्टी होती. पुढे शहर वाढत गेले आणि मुरणारी जमीन नाहीशी होत गेली. १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल महापालिकेपुढे आला. त्याने सांगितले की, वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटर पावसाला पुरेल इतकी केली पाहिजे. आणि पडेल ते सर्वच पाणी वाहून येईल, असे धरले पाहिजे. या दोन वाक्यांचा एकत्र अर्थ ध्यानात घ्यावा. पूर्वी २५ मिलिमीटरचे निम्मे, म्हणजे साडेबारा मिलिमीटर पाणी वाहिनीत येणार होते. आता पन्नासच्या पन्नास येणार. म्हणजे वाहिन्यांवरचा भार चौपट झाला. या चौपटीतील एक दुप्पट पावसाच्या नव्या हिशेबाची आहे. परंतु दुसरी दुप्पट माणसाने केलेली आहे. ती काँक्रीटची, डांबराची आणि पेव्हर ब्लॉकची आहे.

हा अहवाल बराच काळ कपाटात पडून राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला पडलेला पाऊस शंभर मिलिमीटरसुद्धा नव्हता. त्या आठवड्यातील अतिवृष्टीत राज्यात एक हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, कपाटातील अहवाल बाहेर आला आणि केंद्राने १,२०० कोटी रुपयांचे साहाय्य मान्य केले. नाले रुंद झाले. आठ उदंचन केंद्रे ठरली; हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली, माहुल आणि मोगरा ही दोन वर्षानुवर्षे रखडली. ही केंद्रे निरुपयोगी आहेत, असे कोणी म्हणणार नाही. मुंबईची १८६ पातमुखे समुद्राला आणि खाड्यांना मिळतात. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत आणि १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीतही मोकळी राहणारी पातमुखे फक्त सहा. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले, तर पाणी जाणार कोठे? अशा वेळी दरवाजे बंद करून पंपाने पाणी बाहेर फेकणे हाच मार्ग उरतो.

परंतु पंप हा शेवटचा उपाय आहे. त्यालाच पहिला आणि एकमेव उपाय मानले, तर ती ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशातली गत होते. पाणी निर्माण होते गल्लीगल्लीत, प्रत्येक छपरावर, प्रत्येक फुटपाथवर. आणि उपाय उभा राहतो समुद्राच्या काठी. मधल्या पाच-सात किलोमीटरच्या वाटेवर जे राहतात, त्यांनी पाणी पोहोचेपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभे राहावयाचे! हिंदमाता परिसराचे पाणी साठवण्यासाठी गेल्या काही वर्षांत परळ आणि दादरच्या मैदानांखाली मोठ्या भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या. या टाक्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. केवळ वाहून नेणे पुरेसे नाही, पाणी काही काळ थांबवावे लागते, हे तत्त्व आता पालिकेलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ते सगळ्यात खालच्या टोकाला, पंप लावून, प्रचंड खर्चाने थांबवायचे, की जेथे पडते तेथेच थोडे थोडे थांबवायचे?

याच काळात नेमके उलट दिशेचे कामही जोरात चालू झाले. मुंबईतील सुमारे २,००० किलोमीटर रस्ते टप्प्याटप्प्याने सिमेंट काँक्रीटचे करण्याचे धोरण अमलात आले. खड्ड्यांना कंटाळलेल्या नागरिकांना ते आवडले, यात नवल नाही. चांगला रस्ता हा श्रमिकांचाही हक्क आहे. खड्ड्यात पडून मरणारा बहुधा दुचाकीवरचा नोकरदार किंवा सामान पोहोचवणारा पोरगा असतो. काँक्रीटला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. विचारावयाचे ते इतकेच की, काँक्रीट भिंतीपासून भिंतीपर्यंत का? जेथे चाके फिरतात तेथे ते असू द्यावे. पण फुटपाथखाली, झाडाच्या बुंध्याशी, पार्किंगच्या पट्टीतही ते कशासाठी? दिल्लीत झाडांभोवतीचा एक मीटर परीघ काँक्रीटमुक्त करा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१३ मध्ये द्यावा लागला. झाडाला श्वास घेऊ द्या, हे सांगण्यासाठी न्यायालय लागावे, ही कोणती प्रगती?

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. मुंबई महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतरचे चार पावसाळे पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. काँक्रीटीकरणाचे सर्वांत मोठे निर्णय याच काळात झाले. रस्त्याची पातळी किती असावी, फुटपाथ किती रुंद असावा, झाडाच्या मुळांचे काय करावे, हे विचारण्यासाठी नागरिकांकडे नगरसेवकच नव्हता.

रस्त्याच्या पातळीचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण गरिबाच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवला, की रस्ता काही इंच उंच होतो. असे दोन-तीनदा झाले, की ज्या चाळीच्या उंबऱ्यावरून पूर्वी दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर यावे लागे, त्याच चाळीत आता दोन पायऱ्या उतरून घरात जावे लागते. घर जेथे होते तेथेच राहिले. सरकारने त्याला खड्ड्यात नेले. पुढच्या पावसात त्या खोलीत पाणी शिरते, अंथरूण, धान्याचे डबे आणि मुलांची दप्तरे माळ्यावर चढतात, आणि वर्तमानपत्रात छापून येते की ‘सखल भागात पाणी साचले’. सखल हा शब्द भूगोलाचा वाटतो. पुष्कळदा तो कंत्राटातून जन्मलेला असतो.

तेव्हा पर्याय कोणता? त्याचे तत्त्व जुने आहे आणि शेतकऱ्याच्या कोणत्याही मुलाला ते समजावून सांगावे लागत नाही. धावते पाणी चालते करा, चालते थांबते करा, थांबलेले मुरते करा. माळावर समतल चर आणि ताली करून जे साधतात, तेच शहराच्या रस्त्यावर साधावयाचे आहे. रस्त्याच्या कडेला मीटर-दीड मीटर रुंदीची, रस्त्यापेक्षा थोडी खोलगट अशी पट्टी ठेवायची. तिच्या तळाशी खडी, खडीवर वाळू, वाळूवर भुसभुशीत माती आणि तीत पाण्यात व कोरड्यातही तग धरणारी झाडेझुडपे. कर्बस्टोन सलग न बसवता ठरावीक अंतरावर त्यात फटी ठेवायच्या, म्हणजे रस्त्यावरचे पाणी गटाराकडे न धावता या पट्टीत उतरेल. पट्टी भरली, की वरचे पाणी एका उंच जाळीतून नेहमीच्या जलवाहिनीत जाईल. आणि जमीन पाणी घेईनाशी झाली, तर तळाचा छिद्रांचा पाइप ते हळूहळू सोडील. पार्किंगच्या जागी आणि पादचाऱ्यांच्या वाटेवर पाणी झिरपू देणारी फरसबंदी, खाली खडीचा थर. मैदाने आणि बागा रस्त्यापेक्षा उंच न भरता किंचित खाली, म्हणजे अतिवृष्टीच्या दिवशी दोन-चार तास पाणी तेथे थांबेल. यात गूढ असे काही नाही.

आकड्यांचे काय? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक किलोमीटर लांब आणि बारा मीटर रुंद रस्ता घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ १२,००० चौरस मीटर होते. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या तासात एकट्या रस्त्यावर ६ लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे साठ टँकर. आता दोन्ही बाजूंना दीड मीटरची पट्टी धरली, तर ३,००० चौरस मीटर जागा मिळते. फाटके, चौक आणि बसथांबे यांसाठी निम्मी वजा केली, तरी १,५०० उरते. तीत वर पंधरा सेंटिमीटर पाणी उभे राहिले आणि खालच्या साठ सेंटिमीटर थरांत सुमारे तीस टक्के पोकळी असली, तर दर चौरस मीटरला ३३० लिटर पाणी सामावते. एकूण सुमारे ५ लाख लिटर. म्हणजे त्या मुसळधार तासात रस्त्यावर पडलेल्या पाण्यापैकी पाच-षष्ठांश रस्त्यानेच सांभाळले. जलवाहिनीला तेवढी उसंत मिळते, आणि भरती ओसरेपर्यंत मिळालेली उसंत हीच मुंबईसारख्या शहरात जीवनमरणाची गोष्ट असते.

मात्र याच गणिताची दुसरी बाजू लपवता कामा नये. ९४४ मिलिमीटर पाऊस त्याच रस्त्यावर पडला, तर पाणी १ कोटी १३ लाख लिटर होते. कोणतीही हिरवी पट्टी ते पिणार नाही. त्यातच शेजारच्या इमारतींच्या छपरांचे पाणी आले, तर नेहमीच्या पावसातही हिशेब बदलतो. म्हणूनच या रचनेचे तीन टप्पे मानावे लागतात. रोजचा पाऊस मुरवायचा. जोराचा पाऊस थोपवायचा आणि सावकाश सोडायचा. आणि विक्राळ पावसाला आधीच ठरवून दिलेली, माणसे न मारणारी वाट मोकळी ठेवायची. तिसरा टप्पा विसरून पहिल्या दोहोंची जाहिरात करणारा माणूस लोकांची फसवणूक करतो.

जगात हे कोठे घडले आहे? स्वीडनमधील माल्मो शहरात ऑगस्टनबोर्ग नावाची कामगारांची वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ ते १९५२ या काळात ती बांधली गेली. तिची मालकी नगरपालिकेच्या गृहनिर्माण कंपनीकडे आहे. कालांतराने वसाहतीला अवकळा आली. सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जात असल्याने जोराच्या पावसात घाण पाणी तळघरांत शिरू लागले. १९९८ पासून नगरपालिका आणि गृहनिर्माण कंपनी यांनी तेथे वेगळाच मार्ग धरला. पावसाचे पाणी जुन्या वाहिनीतून काढून घेतले आणि ते उघड्या लहान पाटांतून, इमारतींच्या अंगणांतून, तळ्यांतून फिरवले. सुमारे सहा किलोमीटरचे पाट आणि दहा तळी झाली. काही छपरांवर माती घालून झुडपे लावली. रहिवाशांना प्रारंभी सर्वच पसंत होते असे नाही. उघड्या पाण्याजवळ मुले खेळतील, त्यांचे काय, ही शंका तेथील आयांनाही आली. बैठका झाल्या, आराखडे बदलले. पुढे ३१ ऑगस्ट २०१४ रोजी माल्मोवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि शहराचे मोठे नुकसान झाले. शेजारच्या भागांच्या तुलनेत ऑगस्टनबोर्गची हानी मात्र बरीच कमी होती.

या उदाहरणातील मर्म हिरव्या छपरांत नाही. जमीन सार्वजनिक मालकीची होती, घरे सार्वजनिक मालकीची होती, आणि म्हणून अंगण, रस्ता व छप्पर यांचा एकत्र विचार करता आला, हे त्यातील मर्म आहे. सुरुवातही श्रीमंतांच्या वस्तीपासून झाली नाही. भाडेकरूंच्या, पडझड झालेल्या वसाहतीपासून झाली.

जवळच्या कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोन-तीन तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि काही अब्ज क्रोनरचे नुकसान झाले. २०१२ मध्ये त्या शहराने अतिवृष्टीची योजना तयार केली. सगळे पाणी जमिनीखालच्या मोठ्या वाहिन्यांतून न्यायचे, की काही पाणी रस्ते, चौक आणि बागा यांवरच सांभाळायचे, याचा खर्च ताडून पाहिला, तेव्हा दुसरा मार्ग स्वस्त ठरला. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी उभे राहू नये, असे उद्दिष्ट त्यांनी लोकांपुढे लेखी ठेवले. महाराष्ट्रातील किती महापालिकांनी असे वचन लेखी दिले आहे? येथे दरवर्षी मे महिन्यात नालेसफाई अमुक टक्के झाली, एवढाच आकडा जाहीर होतो. रस्त्यावर किती पाणी उभे राहील, हे कोणी सांगत नाही. कारण सांगितले तर जाब द्यावा लागेल.

विरुद्ध उदाहरणही अभ्यासले पाहिजे. चीनने २०१५ पासून ‘स्पंजासारखी शहरे’ उभारण्याचा कार्यक्रम हाती घेतला. झेंगझोऊ शहरानेही त्यावर मोठा खर्च केला. २० जुलै २०२१ रोजी तेथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. भुयारी रेल्वेत पाणी शिरून चौदा प्रवासी मृत्यू पावले आणि शहरात एकूण तीनशेहून अधिक माणसे गेली. मुरवणाऱ्या पट्ट्यांमुळे भुयारी रेल्वे बंद करण्याचा आदेश वेळेवर देण्याची जबाबदारी टळत नाही, हा त्याचा धडा. मुंबईतही २६ मे २०२५ रोजी, पावसाळ्याच्या पहिल्याच तडाख्यात, आचार्य अत्रे चौकातील नवे भुयारी स्थानक जलमय झाले. जीवितहानी झाली नाही, हे सुदैव. सुदैवावर नगररचना चालत नाही.

शिवाय परदेशातील नमुना जसाच्या तसा येथे आणता येणार नाही. मुंबईचा मोठा भाग भराव घालून तयार झालेला आहे. तेथे पावसाळ्यात भूजल जमिनीच्या जवळ येते. अशा ठिकाणी पाणी मुरवण्यापेक्षा थांबवून ठेवण्यावर भर हवा. उपनगरांतील डोंगरउतारांवर, पुण्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, जेथे माती आहे तेथे मुरवणे आणि जेथे कातळ आहे तेथे अडवणे, असा विवेक करावा लागेल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला लोंढा आला आणि काठच्या वस्त्या व सोसायट्या त्यात सापडल्या. तेथील प्रश्न केवळ रस्त्याचा नव्हता; वरच्या उतारावर झालेली बांधकामे आणि ओढ्याचे आवळलेले पात्र यांचा तो होता. कोणत्याही शहरात रस्त्याची पुनर्रचना करताना पहिला नकाशा ओढ्या-नाल्यांचा काढावा लागतो. ओढा आपली वाट विसरत नाही; माणसे विसरतात.

देखभालीचा प्रश्न त्याहून कठीण आहे. येथील रस्त्यांवर धूळ आणि बांधकामाची माती इतकी असते, की पाणी झिरपू देणारी फरसबंदी साफ न केल्यास एक-दोन पावसाळ्यांतच तिची छिद्रे बुजतील. पट्टीत प्लास्टिक साचेल. पाणी कित्येक दिवस तुंबून राहिले, तर डास होतील आणि हिवताप पसरेल. ते एक-दोन दिवसांत उतरेल अशीच रचना केली पाहिजे. म्हणजेच रोज हात लावणारा माणूस हवा. तो माणूस कोण?

येथे चळवळीचा खरा प्रश्न सुरू होतो. आज शहराचा निचरा ज्यांच्या हातांवर चालतो, तो कामगार बहुतांशी कंत्राटी आहे आणि त्याची जात शोधण्यासाठी संशोधन करावे लागत नाही. २०१३ च्या कायद्याने मैला वाहून नेण्याची प्रथा आणि संरक्षणाविना गटारात माणूस उतरवणे या दोन्हींना बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. दुसरीकडे गाळ किती काढला, यावर कंत्राटदाराचे बिल ठरते. मिठी नदीच्या गाळातील कथित गैरव्यवहाराबद्दल मे २०२५ मध्ये गुन्हाही दाखल झाला. जमिनीखालच्या काळोखातील बंदिस्त वाहिनी ही भ्रष्टाचाराला सोयीची आणि माणसाला घातक असते. रस्त्याच्या कडेची उघडी पट्टी साफ करण्यासाठी कोणाला विषारी वायूत उतरावे लागत नाही. आणि ती साफ झाली की नाही, हे शेजारची म्हातारीसुद्धा सांगू शकते. पावसाचे पाणी वर आणणे म्हणजे कारभारही उजेडात आणणे होय.

परंतु हे काम ‘सुशोभीकरणा’च्या कंत्राटात गेले, तर त्याचा अर्थ पालटेल. बड्या वस्तीत दिवे आणि फुलझाडे लावून फोटो काढले जातील, आणि पट्टीसाठी जागा हवी म्हणून फुटपाथवरचा भाजीवाला हाकलला जाईल. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्याला हक्क दिला आहे; हिरव्या पट्टीच्या नावाखाली तो हिरावून घेता कामा नये. जागा हवीच असेल, तर ती रस्त्याच्या कडेला फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारीकडून घ्यावी. एक उभी मोटार दहा-बारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन दिवसभर अडवते आणि तिचे भाडे कोणी मागत नाही. तेवढ्याच जागेत दोन फेरीवाले संसार चालवतात किंवा तीन-चार हजार लिटर पाणी थांबू शकते. अग्रक्रम कोणाचा, हे ठरवण्याचे धैर्य दाखवावे लागेल.

झोपडवस्त्यांचाही विचार याच रीतीने करावा लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडवस्त्यांत राहतात. पूर आला, की ‘नाल्याकाठच्या झोपड्यांमुळे पाणी तुंबते’ असे म्हणणे सोपे असते. मिठी नदीच्या पात्रावरून विमानतळाची धावपट्टी गेली, तिच्या मुखाशी दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. त्यांना अतिक्रमण कोणी म्हणत नाही. जेथे मलनिःसारण वाहिनीच पोहोचवलेली नाही, त्या वस्तीचे सांडपाणी नाल्यात जाणारच. पावसाच्या पाण्यासाठी सुंदर पट्टी आखण्याआधी वस्तीला मलवाहिनी, कचरा उचलणारी गाडी आणि पक्की पाऊलवाट मिळाली पाहिजे. नाही तर पट्टीत पावसाऐवजी मैलाच वाहील. आणि नदी-नाले मोकळे करावयाचे असतील, तर आधी त्याच परिसरात पुनर्वसन आणि मग स्थलांतर, हा क्रम बदलता येणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी हंडा घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्या लढ्याने नळ वस्तीपर्यंत आणला. न मागता घरात शिरणाऱ्या पाण्याचा लढा अजून लढायचा आहे.

हा लढा मोघम मागण्यांवर चालणार नाही. मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, कोणताही रस्ता नव्याने करताना जुना थर खरवडून काढावा आणि घरांच्या उंबऱ्यापेक्षा रस्त्याची पातळी वाढवू नये. ही अट निविदेतच असावी. दुसरी, प्रत्येक नव्या रस्त्याच्या रुंदीपैकी ठरावीक भाग पाणी मुरवण्यासाठी वा थांबवण्यासाठी राखलाच पाहिजे, आणि पाणी तुंबणाऱ्या गरीब वस्त्यांच्या वरच्या उतारापासून कामाला प्रारंभ व्हावा. तिसरी, मोठ्या भूखंडांनी आपले पाणी आपल्या हद्दीत थांबवावे. वापरलेल्या फरसबंद जागेच्या प्रमाणात त्यांच्याकडून आकार घ्यावा आणि लहान घरांना तो माफ असावा. चौथी, देखभालीसाठी पालिकेच्या आस्थापनेवर कायम कामगार नेमावेत. मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायमपणाचा हक्क मिळवला. ती वाट मोकळी आहे. पाचवी, रस्त्याचा आराखडा, त्याची पातळी आणि त्यावरचा खर्च प्रभागातील जाहीर सभेत ठेवावा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. त्यांत प्राण फुंकणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

कामाची सुरुवात मोर्चापासून नव्हे, मोजणीपासून व्हावी. प्रत्येक शाखेने येत्या पावसाळ्यात आपल्या प्रभागातील पाच ठिकाणे निवडावीत. कोणत्या तारखेला, किती वाजता, भिंतीवर किती उंचीपर्यंत पाणी आले, किती तासांनी ओसरले आणि ते कोणत्या दिशेने आले, याची नोंद ठेवावी. रंगाचा डबा, ब्रश, मोजपट्टी आणि वही, एवढेच साहित्य लागते. वस्तीतील बायकांना पाण्याची वाट सर्वांत चांगली ठाऊक असते, कारण ते उपसावे त्यांनाच लागते; नोंदीचे काम त्यांच्या हाती असावे. अशी दोन पावसाळ्यांची वही घेऊन नागरिक पालिकेत गेले, तर ‘अभूतपूर्व पाऊस’ या दोन शब्दांत त्यांची बोळवण करणे अधिकाऱ्यांना जड जाईल.

हवामान पालटत आहे आणि थोड्या वेळात जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत आहेत, याविषयी आता शास्त्रज्ञांत दुमत नाही. श्रीमंतांनी त्याला आपले उत्तर शोधले आहे; ते वरच्या मजल्यावर राहायला गेले आहेत. तळमजल्यावर राहणाऱ्यांना असे खाजगी उत्तर उपलब्ध नाही. त्यांचे उत्तर सार्वजनिकच असावे लागते, आणि त्याची जागा त्यांच्या दारासमोरचा रस्ता ही आहे.